दाराशी उभा असलेला माणूस : वलगावच्या पुलापासून आपल्या विहारापर्यंत

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वाटेत वलगाव लागते. गावाला लागून पेढी नदी वाहते. २० डिसेंबर १९५६ रोजी याच नदीच्या काठी, प्रवासात असतानाच, गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी चौदा दिवस झाले होते. ज्या माणसाने महाराष्ट्रभर परक्या वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, तो स्वतः मात्र कुठल्याही घरात नाही, रस्त्यावर गेला. १९०५ साली घर सोडले ते सोडलेच.

या पुलावरून आम्ही कैकदा गेलो आहोत. पण या लेखाचे निमित्त पूल नाही, एका पोराचा प्रश्न आहे.

मागच्या नाताळात आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा मित्राबरोबर चर्चमध्ये गेला होता. परत आल्यावर तो म्हणाला, "दादा, दारातच एका काकांनी हात जोडले, बसायला जागा दाखवली, गाण्याचं पुस्तक हातात दिलं. शेवटी चहा पाजला. माझं आडनाव कोणीच विचारलं नाही. आपल्या विहारात असं का होत नाही?"

वर्गात काही जण चिडले. "चहावर धर्म तोलतो का तू?" असेही कोणी म्हणाले. पण आम्हाला तो प्रश्न खरा वाटला. कारण त्याच्या आदल्या महिन्यात एका गावच्या विहारात आम्ही स्वतः एक प्रसंग पाहिला होता. वंदना सुरू होती. मातंग समाजातला एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. एका वडीलधाऱ्याने मान वळवून विचारले, "कोनाचा होय बाबू तू? आडनाव काय?" मुलाने सांगितले. वडीलधारे म्हणाले, "बरं, बस तिकडं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. पण तो मुलगा मागच्या भिंतीशी बसला आणि वंदना संपण्याआधीच उठून गेला. पुन्हा आलेला आम्ही पाहिला नाही. आणि आम्हीही त्या दिवशी उठून त्याच्यामागे गेलो नाही. ही चूक आधी आमच्या पदरात घालून मग पुढचे लिहितो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : कोणत्याही धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथात होत नाही, त्याच्या दारात होते. परका आला तर काय होते, आणि घर सोडून गेलेला परत आला तर काय होते, या दोन प्रश्नांवर ती होते. या परीक्षेचा सगळ्यात कडू अनुभव ज्या माणसाने घेतला, तो आपला बाप होता.

बडोदा, १९१७

बाबासाहेब अमेरिका आणि इंग्लंडहून शिकून परत आले आणि १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस स्वदेशी परततो आहे, आणि स्टेशनवर उतरल्यावर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न काय? राहायचे कुठे! हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते पारशांच्या सराईत गेले. तिथेही पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया देऊन राहावे लागले. वरच्या मजल्यावरच्या त्या ओसाड दिवाणखान्यात ते एकटेच पाहुणे होते. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत चालते व्हा म्हणाले.

आपली पोरे इथपर्यंतची हकिकत जाणतात. पुढचा भाग मात्र भाषणांतून सहसा सुटतो. त्या दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा भारतीय ख्रिस्ती होता. त्याने सांगितले, उद्या बायको येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे नाही म्हणण्याचे सभ्य रूप होते, हे बाबासाहेबांना नंतर कळले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण. नवरा ख्रिस्ती झाल्यावर विचाराने मोकळा झाला होता, बायको मात्र जुन्या सोवळ्यातच राहिली होती. मग बाबासाहेब कामाठी बागेत पाच तास बसून राहिले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले.

ही हकिकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. नावच पाहा. व्हिसा कोणाला लागतो? परक्या देशात शिरणाऱ्याला. आपल्याच देशात परतलेल्या माणसाला प्रत्येक उंबऱ्यावर परवाना मागावा लागत होता.

त्या ख्रिस्ती मित्राकडे नीट पाहायला हवे. त्याने देव बदलला, प्रार्थना बदलली, पण घराचे दार बदलले नाही. नेमकी हीच गोष्ट आपल्यालाही लागू पडते की काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

चर्चचे दार : जमा आणि खर्च

वऱ्हाडाला चर्च नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, अमरावती भागात अलायन्स मिशनचे लोक आले. वलगावचा हाच रस्ता पुढे परतवाडा-अचलपूरला जातो आणि तिथे कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरातून काढून देत. तो बरा झाला तरी घर त्याला परत घेत नसे. अशा माणसाच्या अंगाला हात लावणारे लोक त्या दारात होते, हे नाकारण्यात काय अर्थ आहे? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना व विधवांना शेकड्यांनी सोबत घेऊन आल्या. पुढे केडगावचे मुक्ती सदन अशाच बायकांनी भरले. ज्यांना परतायला घरच उरले नव्हते, त्यांच्यासाठी ते घर झाले.

बायबलमध्ये या विषयावर दोन जागा आहेत आणि दोन्ही आपल्या पोरांनी वाचाव्यात अशा आहेत. पहिली याकोबाच्या पत्रातली. सभेत सोन्याची अंगठी आणि उंची कपडे घातलेला माणूस आला म्हणून त्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला उभे ठेवायचे, याला त्या पत्रात सरळ पाप म्हटले आहे. दुसरी लूकच्या शुभवर्तमानातली, उधळ्या पुत्राची. वाटणी घेऊन गेलेला, सगळे उडवून डुकरे राखायला लागलेला मुलगा परत येतो. बाप दुरूनच त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. जाब विचारत नाही. या गोष्टीत एक थोरला भाऊही आहे. तो शेतावरून येतो, घरातला आनंद ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. मी इतकी वर्षे राबलो, आणि मेजवानी याला? हा थोरला भाऊ लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

मराठीत ही गोष्ट प्रत्यक्ष जगलेले घर म्हणजे टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई नवऱ्यापासून तुटल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नाही, आपले सोवळे-ओवळे घेऊन. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्या वेगळी चूल मांडून, वेगळे पाणी भरून राहिल्या. जात त्यांच्या मनातून गळाली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि त्यानंतरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे माहीत आहे. परतलेल्या माणसाला आधी जागा द्यायची, बदल नंतर मागायचा, हा क्रम त्यांनी पाळला.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची. दक्षिणेतल्या अनेक चर्चमध्ये अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्त्यांसाठी बसायची जागा वेगळी होती, दफनभूमीत मधे भिंती होत्या. एकच देव, एकच भाकर, आणि मधे भिंत! १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त दोघांबद्दल आदर व्यक्त केला, पण दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्ये जात पाळतात हेही तोंडावर सांगितले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिले त्याचा रोख हाच आहे : दारातून आत घेणे आणि पंगतीत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा त्या मुलाला आमचे पहिले उत्तर असे. दारातला नमस्कार आणि चहा ही चांगलीच गोष्ट आहे, ती शिकण्यात कमीपणा नाही. पण तेवढ्याने परीक्षा संपत नाही. दुसऱ्या रविवारी कुठे बसवतात, घरी जेवायला बोलावतात का, मुलीच्या लग्नात पत्रिका देतात का, यावर ती पुढे चालू राहते.

अंबादेवी ते चोखामेळा धर्मशाळा

आता आपल्या अमरावतीकडे या. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेब अमरावतीत होते. वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि विषय होता अंबादेवीच्या मंदिराचा. ज्या देवीपुढे अख्खे वऱ्हाड नवरात्रात रांग लावते, तिच्या दारात काही माणसे उभी राहू शकत नव्हती. नंतर १९३० चा नाशिकचा काळाराम सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची घोषणा. दार ठोठावून ठोठावून शेवटी बाबासाहेबांनी सांगितले, आता हे दार नकोच.

याच काळात वऱ्हाडातलाच एक परीट, शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर, वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नाला भिडत होता. पंढरपूरच्या यात्रेत अस्पृश्य वारकऱ्यांना कुठल्याच धर्मशाळेत जागा नव्हती. ऊन असो, पाऊस असो, चंद्रभागेचे वाळवंट हेच त्यांचे अंथरूण. चोखोबाची समाधीदेखील महाद्वाराबाहेर. पाहुणा देवाचा आणि देव दाराआड, अशी ही वारी होती. गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी. वारकऱ्याच्या निवाऱ्याचे विद्यार्थ्याच्या निवाऱ्यात रूपांतर झाले. आमच्या मते या दोन महापुरुषांच्या नात्याचे याहून नेमके चित्र नाही.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते आणि आम्ही त्यांना ओढून-ताणून बौद्ध करणार नाही. पंढरपुरात त्यांनी जातवार धर्मशाळा बांधल्या, म्हणजे जातीची भिंत तशीच ठेवून छप्पर घातले, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोडून काढता येत नाही. पण त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हा पाहुणा गावात आला की आधी झाडू हातात घ्यायचा. गाव झाडून व्हायचे आणि मग रात्री कीर्तन. मुंबईत दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेले गोरगरीब रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे उतरतात. विदर्भातली किती घरे त्या छपराखाली राहून आली असतील! तिथे उतरणारा कोणी भाविक म्हणून उतरत नाही, अडलेला माणूस म्हणून उतरतो. पाहुण्याची हीच खरी व्याख्या आहे.

कायद्यालाही हे दार दिसले होते. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात दुकान, उपाहारगृह यांच्याबरोबर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द आले. बडोद्याच्या सराईतून हाकलले गेल्यानंतर अडतीस वर्षांनी!

चाळीसगावचा टांगा

आपण फक्त दुसऱ्यांच्या दारांचा हिशेब मांडला तर ते सोपे होईल. म्हणून १९२९ सालचे चाळीसगाव. बाबासाहेब धुळ्याहून परतताना तिथे उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी रात्री राहण्याचा आग्रह केला. न्यायला टांगा आणायचा, तर एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नाही. पाहुणा पायी आला तर त्याची शान जाईल, म्हणून लोकांनी तोड काढली : टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायचा आपल्यातल्याच एकाने. ज्याने लगाम धरला त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगात दोष कोणाचा? मूळ दोष जातीचा, यात वाद नाही. पण महारवाड्याने पाहुण्याच्या सुरक्षिततेपेक्षा त्याच्या मिरवणुकीची काळजी जास्त केली, हेही खरे आहे आणि बाबासाहेबांनी ते आडपडदा न ठेवता लिहिले आहे. शंभर वर्षे होत आली. आज १४ एप्रिलला आपल्या वस्तीत काय होते? मुंबई-पुण्याहून साहेब येतात. हार, शाल, स्टेज, डीजे. पहिल्या रांगेत खुर्ची. त्याच रात्री सुरतच्या कारखान्यातून किंवा पुण्याच्या बांधकामावरून दोन दिवसांची सुट्टी काढून आलेला पोरगा मंडपाच्या मागे उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही, बाबू, जेवला का? याकोबाच्या पत्रातली सोन्याची अंगठी आपल्या मंडपातही चमकते, मित्रांनो!

विनयाने काय सांगितले

आता आपल्या घरात काय आहे ते पाहू. पुष्कळांना वाटते की पाहुणचार ही ख्रिस्त्यांची किंवा शिखांच्या लंगरची गोष्ट आणि आपल्याकडे फक्त ध्यान आणि वंदना. हे अज्ञान आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक सबंध प्रकरण आचाराच्या नियमांचे आहे आणि त्याची सुरुवातच पाहुण्यापासून होते. आगंतुक म्हणजे येणाऱ्या भिक्खूने कसे वागावे आणि आवासिक म्हणजे विहारात राहणाऱ्या भिक्खूने कसे वागावे, याचे बारीक नियम तिथे आहेत.

ज्येष्ठ आगंतुक येताना दिसला की आवासिकाने आसन मांडावे. पाय धुवायला पाणी आणि पाट ठेवावा. सामोरे जाऊन त्याचे पात्र आणि चीवर हातात घ्यावे. पाणी हवे का विचारावे. उतरायची खोली दाखवावी, ती रिकामी आहे की तिथे कोणी राहते ते सांगावे. भिक्षेला कुठे जायचे, शौचाची जागा कुठे, पिण्याचे पाणी कुठे, संघाने इथे कोणते नियम ठरवले आहेत, आत-बाहेर करण्याची वेळ कोणती, हे सगळे सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही परंपरा आहे! नव्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण श्रद्धेची नसते. चपला कुठे काढू, कुठे बसू, लघवीला कुठे जाऊ, ही असते. हे ज्याने नियमात लिहिले त्याला माणूस कळला होता.

नियम एकतर्फीही नाहीत. आगंतुकाने विहारात शिरताना पायताण काढावे, हळू चालावे, ज्येष्ठ कोण ते विचारून वंदन करावे. दिलेली खोली अस्वच्छ असेल तर ती झाडून-पुसून स्वच्छ करावी. इथे आम्हाला पुन्हा शेंडगावचा तो झाडूवाला आठवतो. पाहुण्याने यावे आणि आधी झाडू घ्यावा, हा आचार त्यांनी चुल्लवग्ग वाचून उचलला नसेल. पण दोन्हीकडे एकच समज आहे : जागा तुमची-आमची नसते, ती ज्याला गरज आहे त्याची असते, म्हणून ती स्वच्छ ठेवायची जबाबदारी दोघांची.

आणि उपाली न्हाव्याची गोष्ट? शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमच्या आधी उपालीला घ्या. कारण जो आधी आत येईल तो ज्येष्ठ, आणि मग आम्हाला त्याला वाकून वंदन करावे लागेल. आमचा शाक्य असल्याचा ताठा त्यानेच मोडेल. दारात क्रम कोणाचा, या साध्या प्रश्नात जात मोडण्याची युक्ती होती. मागच्या भिंतीशी बसवलेल्या त्या मुलाला आपण पुढे बोलावून त्याच्याकडून वंदना घेतली असती, तर ती उपालीची परंपरा झाली असती.

बाबासाहेबांना ही गोष्ट अचूक कळली होती. १९५४ साली ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलला त्यांनी भारतातल्या धम्मकार्याचा जो आराखडा दिला, त्यात विहारांत दर रविवारी सक्तीची सामूहिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन असावे असे सुचवले होते. ख्रिस्ती धर्मात हे रविवारचे एकत्र येणे लोकांना कसे बांधून ठेवते, ते त्यांनी पाहिले होते. दुसऱ्याकडून चांगले घेताना त्यांना संकोच नव्हता. मग आपल्याला का असावा? आज कितीतरी विहारांचे कुलूप जयंती, बुद्धपौर्णिमा आणि वर्षावासाच्या समारोपालाच उघडते. ज्या दाराला कुलूप आहे तिथे पाहुणचाराची चर्चा तरी कशी करायची?

परतलेले

आता सगळ्यात अवघड भाग. पाहुण्याला चहा पाजणे सोपे आहे. परतलेल्याला घेणे कठीण, कारण त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

संबोधीनंतर बुद्ध कपिलवस्तूला परत गेले. राजाचा मुलगा भिक्षापात्र घेऊन आपल्याच नगरात दारोदार फिरतो, याची शुद्धोदनाला लाज वाटली. घरच्यांना परतलेला माणूस हवा असतो, पण जसा गेला तसाच हवा असतो. यशोधरा मात्र सामोरी गेली नाही. माझी काही किंमत असेल तर तेच माझ्याकडे येतील, असे तिने म्हटले, आणि बुद्ध तिच्याकडे गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर घेतला आहे. दुखावलेल्या माणसाने उंबरा ओलांडून यावे अशी अपेक्षा करायची नाही, आपण त्याच्याकडे जायचे, हा त्याचा धडा.

आपल्या वस्तीत परतणारे कोण असतात? सासरी मारहाण सोसून माहेरी आलेली लेक. भलत्या जातीत लग्न केले म्हणून दहा वर्षे तुटलेला मुलगा. तुरुंगातून सुटलेला. दारू सोडून आलेला. दुसऱ्या पक्षात जाऊन आलेला कार्यकर्ता. एखाद्या बुवाच्या नादी लागून फसून आलेले कुटुंब. हे विहाराच्या दाराशी येतात तेव्हा आपण कोण होतो? आपण थोरला भाऊ होतो. "आम्ही इथे वर्गणी काढली, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तू कुठे होतास?" हा राग खोटा नाही, त्यामागे खरे कष्ट आहेत. पण त्या गोष्टीत बाहेर अंधारात उभा राहतो तो थोरलाच, हे विसरू नका.

कोणी विचारेल, मग 'घरवापसी'वाले तरी काय वेगळे करतात? तेही पाय धुतात, हार घालतात. फरक साधा आहे. त्या घरात परतलेल्या माणसाला कोणत्या खोलीत ठेवतात? त्याच्या जुन्या जातीच्या खोलीत! आत घेतल्यावर पहिला प्रश्न 'जात कोणती' हाच येतो. ज्या घरात परतताना माणसाला आपली पायरी परत घ्यावी लागते ते घर नव्हे, तो कोंडवाडा. पण मित्रांनो, हे वाक्य छाती ठोकून म्हणायचे असेल तर आपल्या विहारात आडनाव विचारणे आधी बंद करावे लागेल.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. "दार उघडे टाकले आणि पाहुणा मालक झाला तर?" बोधगयेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू बसवले, अध्यक्ष जिल्हाधिकारी. आपल्याच घरात आपण निम्मे! ही भीती इतिहासातून आलेली आहे. पण महाबोधीचा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे. तो कायद्याने आणि संघर्षाने सोडवायचा. त्यासाठी वंदनेला आलेल्या मातंग, चर्मकार, कुणबी, आदिवासी पोराला भिंतीशी बसवण्याची गरज नाही. विनयाने दोन्ही सांभाळले आहे : आगंतुकाला आसन आहे आणि आगंतुकाला नियमही आहेत. दार आणि दप्तर यांत गल्लत करू नका.

करायचे काय

फार मोठे काही नाही. दर रविवारी ठरल्या वेळी विहार उघडायचा, पाचच माणसे असली तरी. दोघांनी दाराशी थांबायचे, एक मुलगा, एक मुलगी. नाव विचारायचे, आडनाव नाही. वंदनेचे पुस्तक हातात द्यायचे आणि शेजारी बसून पान दाखवायचे. त्रिशरण-पंचशील आधी मराठीतून समजावून मग म्हणायचे. पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय बघायची, विशेषतः बायकांसाठी. परतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी माईकवर उभे करून त्याची कहाणी सांगायला लावायची नाही. त्याच्या घरी दोघांनी जायचे, आधी ऐकायचे. जयंतीला साहेबांचा सत्कार करा, पण सुरतहून आलेल्या पोराची पंगत आधी बसवा. आणि वंदना झाल्यावर सगळ्यांनी मिळून विहार झाडायचा, पाहुण्यासकट.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपलाच समाज हे करून दाखवतो. लाखो माणसे येतात. जेवणाचे, पाण्याचे, औषधाचे मंडप लागतात. कोणी कोणाला ओळखत नाही आणि कोणी उपाशी राहत नाही. जे आपल्याला दादरला वर्षातून एकदा जमते, ते गावाच्या विहारात दर रविवारी का जमू नये?

त्या मातंग मुलाच्या गावी आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. विहारात नाही, आधी त्याच्या घरी. तो काय म्हणेल ते आत्ता सांगता येत नाही. कदाचित तो येणारही नाही. पण यशोधरेच्या दाराशी बुद्ध गेले होते. आपण एका पोराच्या दाराशी जायला कमीपणा कसला मानायचा?

वलगावच्या पुलावरून जाताना क्षणभर थांबा. एक माणूस इथे बेघर गेला आणि मागे हजारोंना पुरेल एवढे छप्पर ठेवून गेला. त्याच्या चौदा दिवस आधी गेलेल्या माणसाने तर आपल्याला अख्खे घरच दिले. ते घर आहे की नुसती चार भिंतींची इमारत, हे दाराशी उभा असलेला माणूस ठरवतो. आज तो कुठे उभा आहे, एवढे पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!